बायका कुठे जेवतात

माझ्या नवऱ्याला एक खोड होती. परगावी उतरलं की स्टेशनसमोरच्या हॉटेलात ते पाऊल टाकत नसत. टांगेवाला, हमाल, रस्ता झाडणारा, जो समोर दिसेल त्याला गाठून विचारायचे, "दादा, तू कुठे जेवतोस?" आणि तो सांगेल त्या गल्लीत शिरायचे.

लग्न होऊन मी कोकणातून अकोटला आले, त्याच वर्षी एकदा ते मला अकोल्याला घेऊन गेले. तिथल्या टांगेवाल्याच्या सांगण्यावरून आम्ही कापूसबाजाराच्या मागे एका बाईच्या घरी जेवलो. पाटी नव्हती, बाकडी नव्हती. हे ओसरीवर पुरुषांच्या पंगतीत बसले आणि मला तिने आत चुलीजवळ पाट दिला. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. मी भातखाऊ, दोन घासांत घसा कोरडा पडला. बाहेर आल्यावर मी तोंड वाकडं केलं तेव्हा हे हसून म्हणाले, "अगं, स्टेशनवर जेवतात ते सगळे आपल्यासारखे वाटसरू. गाव गावात जेवतं." ती बाई कोणत्या जातीची होती हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही ते घरच्या पत्रात लिहिलं नाही.

हे अकोटला एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, मला पाचवा महिना होता, आणि चैत्रात ह्यांना ताप भरला. वैद्यांच्या काढ्यावर पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी ते मलाच "आई" म्हणून हाक मारू लागले, तेव्हा फॅक्टरीतल्या एका वयस्कर मुकादमांनी मोटार ठरवली आणि आम्ही त्यांना अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, "विषमज्वर आहे. अमरावतीला मोठ्या दवाखान्यात हलवा, आजच्या आज."

अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंतच्या गाडीत बसायला जागा नव्हती. मुकादमांनी लोकांच्या पाया पडून एक बाक रिकामं करून घेतलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना ह्यांना दोघा हमालांनी उचलून नेलं, आणि मी मागून माझा ओला पदर त्यांच्या डोक्यावर धरून धावत होते. अमरावतीला खाट मिळाली. मुकादम दुसऱ्या दिवशी परत गेले. जाताना म्हणाले, "तुमच्या दिरांना तार केली आहे. येतील ते. धीर धरा."

धीर धरायला मी तयार होते. मला वाटलं होतं दोन-तीन दिवसांत परत जाऊ, म्हणून बरोबर दोन लुगडी आणि एक तांब्या एवढंच आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, "एकवीस दिवसांचा ताप आहे हा. आज आठवा."

दवाखान्यासमोर धर्मशाळा होती, तिथे पाठ टेकायला कोपरा मिळाला. तिथे चुलीही होत्या. पण माझ्याजवळ ना तवा होता ना पीठ. लढाईमुळे धान्य कार्डावर मिळे आणि कार्ड राहिलं अकोटला. दोन दुकानांत गेले, तर अनोळखी बाईला पसाभर तांदूळ द्यायला कोणी तयार होईना. पैशांची अडचण नव्हती, हे मुद्दाम सांगते. कमरेला पैसे होते आणि पोटात अन्न नव्हतं.

पहिला दिवस केळ्यांवर गेला, दुसरा फुटाण्यांवर. तिसऱ्या दिवशी केळं पाहिलं की उमळू लागलं. मला भुकेपेक्षा भुकेची लाज जास्त वाटत होती. नवरा असा पडलेला आणि आपल्याला भूक लागते? शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यासाठी त्याची सून मऊ भात आणी. त्याचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटे, आणि त्याच वेळी माझा हात ह्यांच्या कपाळावर असे.

त्या दुपारी ह्यांनी दुधाचे दोन घोट घेतले आणि वाटी सारली. मी इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेलं दूध पिऊन टाकलं. नर्सबाईंनी ते पाहिलं. त्यांनी मला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं.

"विषमज्वराच्या माणसाचं उष्टं पिता? मरायचंय का तुम्हाला? पोटातलं घेऊन मरायचंय?"

मी नुसती रडत राहिले.

"कधी जेवलात शेवटचं?"

मला आठवेना.

"जा," त्या म्हणाल्या. "मी ह्यांच्याकडे बघते. कुठेही जा, पण जेवून या. नाहीतर मला दोन खाटा लागतील."

अशी मी जेवण शोधायला बाहेर पडले. वैशाखाच्या तोंडाचं ऊन. दवाखान्यापासून स्टेशनपर्यंत हॉटेलांची रांग होती. पहिल्या हॉटेलात पायरीवरच गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "बाईमाणसाची सोय नाही." दुसऱ्याने विचारलं, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर आत बसलेल्या चौघांनी माना वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदर घट्ट ओढून तिथून निघाले. जराशा आत एका गल्लीत 'ब्राह्मण भोजनगृह' अशी पाटी दिसली, तेव्हा माहेर दिसल्यासारखं झालं. मालक आमच्याच बाजूची भाषा बोलणारे होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथे वकील लोक जेवतात, बाई. मेंबर असतात. बायकांना बसवता येत नाही. मागच्या दारी या, पान वाढायला सांगतो."

मागच्या दारी मोरी होती. आचाऱ्याने तिथल्या पायरीवर पान ठेवलं. वरणभात होता. वरणभात! मी खाली वाकले, आणि भांडी घासणाऱ्याने बादली उपडी केली. खरकटं पाणी पानाखालून वाहत गेलं. तो मुद्दाम करत नव्हता. माणूस तिथे जेवायला बसेल हे त्याच्या ध्यानातच आलं नसेल. मी उठले. पान तसंच राहिलं. गल्लीच्या टोकापर्यंत येईतो माझ्या डोळ्यांपुढे काळं येऊ लागलं आणि मी एका दुकानाच्या फळीवर बसले.

तेही हॉटेलच होतं, एका मुसलमान म्हाताऱ्याचं. आत मोठ्या पातेल्यात काहीतरी शिजत होतं. त्याने मला उठवलं नाही. मातीचा एक कोरा कुल्हड घेतला, माझ्यासमोर नळाखाली धरला आणि पाणी भरून फळीवर ठेवला.

"बेटी, यहाँ तो गोश्त पकता है," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून मराठीवर वळला. "तुले इथलं चालणार नाही."

पाणी पिऊन झाल्यावर मला ह्यांची आठवण झाली. म्हणजे खाटेवरच्या ह्यांची नव्हे. अकोल्यात टांगेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे असलेल्या ह्यांची. मी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, ह्या गावातल्या बायका कुठे जेवतात?"

"बायका?" त्याला प्रश्नच कळेना. "बायका घरी जेवतात, बेटी."

"ज्यांचं घर जवळ नाही त्या?"

त्याने पातेल्यात पळी फिरवली. "भाजीवाल्या येतात खेड्यांवरून. पहाटे येतात, दुपार कलली की जातात. खात असतीलच कुठंतरी. कुठं, खुदा जाने."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची फेरी झाल्यावर मी भाजीबाजारात गेले आणि एका बाईवर नजर ठेवून उभी राहिले. पालक, मेथी, अंबाडीच्या जुड्या घेऊन बसली होती. ऊन चढलं तशी तिने उरलेल्या जुड्यांवर ओलं फडकं टाकलं, शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि निघाली. मी तिच्यामागे. ती आडत्यांच्या गाड्यांमधून गेली, बैल सोडले होते तिथून गेली, एका भिंतीच्या खिंडाराशी थांबली आणि गर्रकन वळली.

"काहून वो बाई, माह्या मांगं मांगं काहून येऊन राहिल्या?"

"तुम्ही कुठे जेवता ते पाहायला," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

मग दवाखाना, तीन दिवसांचा उपास, सगळं सांगून टाकलं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझ्या पोटावर तिची नजर थांबली. मग तिने माझं मनगट धरलं आणि मला खिंडारातून आत नेलं.

आत एका कडुनिंबाखाली चूल होती. चुलीपाशी एक म्हातारी माळीण भाकरी थापत होती. तिला सगळ्या मोठी माय म्हणत. भोवती दहा-बारा बायका पाय पसरून बसल्या होत्या. कोणी भाजीवाल्या, कोणी हार करणाऱ्या, बोरं-चिंचा विकणाऱ्या दोन मुसलमान बायका जराशा बाजूला आपापली शिदोरी सोडून. जिच्या टोपलीत जे उरलेलं असे ते मोठी माय शिजवी. पुरुष तिकडे फिरकत नसत.

"मोठी माय, हे पाह्य कोणाले आणलं," माझं मनगट धरलेली म्हणाली. "दवाखान्यातली आहे. उपाशी आहे."

म्हातारीने मान वर केली. "बामनाची दिसतेस माय. आमच्या हातचं चालते काय तुले?"

मी पुढे होऊन बसले. माझ्या आजीने, आईने, सासूने शिकवलेलं सगळं त्या क्षणी कुठे गेलं, मला ठाऊक नाही. म्हातारीने भाकर दिली नाही. एका ॲल्युमिनियमच्या थाळीत ज्वारीच्या कण्या वाढल्या, मऊ शिजवलेल्या, पेजेसारख्या, आणि वर ताक ओतलं. "तीन रोजाच्या उपाशी पोटाले भाकर नाई सोसत," ती म्हणाली. "हे खाय अगुदर."

मी खाल्लं. मधूनच रडायला येत होतं आणि रडताना खाता येईना, म्हणून मी रडणं थांबवलं.

"सांबार टाकू काय वरून?" शेजारचीने विचारलं.

मी दचकले. सांबर म्हणजे हरीण एवढंच मला माहीत. "नको नको, आम्ही नाही खात."

"सांबार नाई खात?" ती हातात कोथिंबिरीची जुडी धरून माझ्याकडे बघत होती. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात हे मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसल्याबद्दल लगेच मनात चर्रर झालं.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. डॉक्टरांची फेरी झाली की जायचं, तासाभरात परत. पैसे पुढे केले तर मोठ्या मायने माझ्यासमोर अंबाडीचा ढीग टाकला, "निवड एवढी." मग रोज भाजी निवडायचं काम माझं. कधी पिठलं, कधी चवळीच्या शेंगा, कधी नुसता मिरचीचा ठेचा. मला त्या भाकरीची अशी चटक लागली, की सकाळी ह्यांचं अंग पुसताना माझं मन कडुनिंबाखाली जाऊन बसलेलं असे.

ह्यांच्यात उतार नव्हता. ताप तसाच. ओठांवर काळी खपली, डोळे छताला. पंधराव्या दिवशी माझे थोरले दीर आले. सैनिकांच्या गाड्यांमुळे त्यांना वाटेत दोनदा अडकून पडावं लागलं होतं. भावाला पाहून ते व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. मग त्यांनी त्या ब्राह्मण भोजनगृहात जेवणाची सोय केली. त्यांना आत पाट मिळाला.

"तू कुठे जेवतेस?" त्यांनी विचारलं.

"धर्मशाळेत," मी म्हटलं.

खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर माझ्या हातून ह्यांच्या तोंडात पाणी जाताना पाहून त्यांना काय वाटलं असतं, याची मला भीती वाटली. ते माझ्यासाठी संध्याकाळी डब्यात भात आणू लागले. तरी सकाळी देवळात जाऊन येते असं सांगून मी भाजीबाजारात जातच राहिले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या कपाळाला हात लावला आणि हात तिथेच राहिला. कपाळ गार होतं. घाम आला होता. डोळे माझ्याकडे वळले, छताकडे नव्हे, माझ्याकडे. दीर डॉक्टरांना बोलवायला धावले.

"ताप उतरला," मी म्हटलं. "ऐकलंत का? ताप उतरला."

ह्यांनी ओठ हलवले. मी कान जवळ नेला. "जेवलीस?"

मी हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. खिंडार, कडुनिंब, कण्या, सांबार. मला इतका आनंद झाला होता, की शब्द एकावर एक पडत होते. ह्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ते हसत होते.

"जा," ते म्हणाले. "जेवून ये."

डॉक्टर आले, त्यांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. ते दिरांना काहीतरी म्हणाले. मी तोवर दारात पोचले होते. मला वाटलं, त्यांना आनंदाची बातमी सांगत असतील.

त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या. मोठ्या मायने वांग्याची भाजी केली होती. मी सगळ्यांना सांगत होते, ह्यांचा ताप उतरला, आता मी त्यांना इथे घेऊन येईन. एकीने दवाखान्यात न्यायला म्हणून मोगऱ्याची ओंजळ माझ्या पदरात टाकली. मोठी माय मात्र भाकर थापायची थांबली होती. "एकदम गार झाला काय?" तिने विचारलं. "हो," मी म्हटलं. आणखी एक पळी भाजी तिने माझ्या थाळीत वाढली.

मी परत आले तेव्हा खाटेभोवती पडदे लावलेले होते. आतड्याला भोक पडलं की ताप असा अचानक उतरतो, हे मला नर्सबाईंनी नंतर सांगितलं. दीर पडद्याबाहेर उभे होते.

"कुठे होतीस?" ते म्हणाले. "शेवटी तुझ्या नावाने हाक मारली त्याने. कुठे होतीस तू?"

खोटं बोलायची शुद्ध राहिली नव्हती. "जेवत होते," मी म्हटलं.

दिरांनी मला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी सगळं केलं. उन्हामुळे थांबता येत नव्हतं; चार माणसं जमवली, त्याच दुपारी भावाला पोचवून आले. पुढचे तीन दिवस मी अन्नाला शिवले नाही. चौथ्या दिवशी गाडीत त्यांनीच केळं सोलून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "पोटातल्यासाठी खा." पण घरी पोचल्यावर त्यांच्या आईने विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. दुष्टपणाने नव्हे. एकट्याला वागवत नव्हतं त्यांना.

"नवरा मेला तेव्हा ही जेवत होती." सासरी हे वाक्य माझ्याआधी स्वयंपाकघरात शिरायचं. कोणी पाहुणी आली की तिला कानात सांगितलं जाई. मी ताटावर बसले की जाऊ वाढता वाढता क्षणभर थांबे. ह्यांनीच मला जेवायला पाठवलं होतं, हे मी कोणालाच सांगितलं नाही. कोणी मानलं नसतं. आणि मानलं असतं तरी तो त्यांनी माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द होता, तो मला त्या घरात वाटून टाकायचा नव्हता. मी जेवण इतकं कमी केलं, की बाळंतपणात माझी आशा सोडली होती. मुलगी झाली. ती मात्र चांगली बाळसेदार होती.

ती नऊ-दहा वर्षांची असताना एकदा परसातून धावत आली. चुलतभावाशी भांडण झालं होतं आणि त्याने ते वाक्य तिच्या तोंडावर मारलं होतं.

"आई, बाबा गेले तेव्हा तू खरंच जेवत होतीस?"

मी तांदूळ निवडत होते. इतकी वर्षं ह्या प्रश्नाची मी वाट पाहत होते.

"हो," मी म्हटलं. "तूही जेवत होतीस."

तिने डोळे पुसले, माझ्याजवळ मांडी घालून बसली आणि सुपातले खडे वेचू लागली.

"काय होतं जेवायला?" तिने विचारलं.

मग मी तिला सांगितलं. सांगता सांगता दुपार झाली. मोगरा, वांग्याची भाजी, हसणाऱ्या बायका, आणि तिच्या वडिलांची ती खोड, सगळं. जावेने दारातून दोनदा हाक मारली, मी उठले नाही.

पुढच्या वर्षी मी दिरांजवळ जाऊन सांगितलं की मला शिकायचं आहे, मास्तरीण व्हायचं आहे. ते अंगणाकडे पाहत म्हणाले, "जा." ट्रेनिंगला मी मुलीला बरोबर घेऊन गेले. त्या गावात उतरलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. माझ्या मुलीने स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसलेल्या एका बाईला गाठलं आणि मी काही म्हणायच्या आत तिला विचारलं, "तुम्ही कुठे जेवता?"